प्रेशर उतरवण्याचा सराव

ओतकामाच्या शेडमध्ये छपराखालून एक क्रेन फिरते. त्या क्रेनला काचेची एक केबिन टांगलेली आहे आणि त्या केबिनमध्ये गेली बावीस वर्षं एकच माणूस बसतो. म्हणून कारखान्यात त्यांना सगळे ‘वरचे’ म्हणतात. “वरचे आले का?” “वरच्यांना विचारा.” नव्या माणसाला वाटतं, हे कोणी मोठे साहेब असावेत. मग तो त्यांना डबा काखेत मारून शिडी चढताना बघतो आणि त्याचा आदर ताबडतोब आटोक्यात येतो.

वरच्यांचं काम सांगायला सोपं आहे. भट्टीतून वितळलेलं लोखंड एका बादलीत ओततात. बादली म्हणायची आपली पद्धत. तिच्यात एक लहान मोटार सहज मावेल. ती भरलेली बादली उचलायची, शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायची आणि साच्यांच्या रांगेपाशी न हिंदकळता उभी करायची. खाली शिट्टीवाला हाताने खुणा करतो, वर हे दांडे सरकवतात. बावीस वर्षांत एक थेंब सांडलेला नाही. कारखान्याने त्याबद्दल एकदा त्यांना समारंभपूर्वक भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते महिन्याभरात बंद पडलं, पण फोटो अजून चांगला आहे.

शांतपणा ही वरच्यांची ख्याती होती. त्यांना चिडताना कोणी पाहिलं नव्हतं, घाबरताना तर नाहीच. “यांच्या डोक्यावर घर पडलं ना, तर हे आधी चष्मा पुसतील,” असं त्यांची बायको पाहुण्यांना सांगे. त्यात कौतुक किती आणि तक्रार किती हे पाहुण्यांनी आपापलं ठरवायचं. एकच खोड होती. केबिनमध्ये हात गार पडतात, असं ते म्हणत. छपराखाली, जिथे भट्टीची सगळी धग जाऊन बसते, तिथे हा माणूस लोकरीचे हातमोजे घालून बसे. लोकांनी हेही त्यांच्या मोठेपणात जमा करून टाकलं.

पन्नाशी उलटलेल्या क्रेनचालकाची दरवर्षी वैद्यकीय तपासणी व्हावी, असा नियम आहे. पहिली दोन वर्षं कारखान्यात डॉक्टरच नव्हता, त्यामुळे वरच्यांची तपासणी अगदी निर्दोष झाली. तिसऱ्या वर्षी डॉक्टर नेमला गेला आणि घोटाळा झाला.

दवाखान्यात आधी सिस्टर भेटत. बुटक्या, रुंद, आणि कोणालाही शाळेतल्या पोरासारखं वागवणाऱ्या.

“बसा. पाय टेकवा. पायावर पाय नको. बोलायचं नाही.”

“मी कुठे बोल—”

“हेच ते. बोलायचं नाही म्हटलं ना!”

पट्टा फुगला, सैल झाला. सिस्टरनी यंत्राकडे पाहिलं, वरच्यांकडे पाहिलं, पुन्हा फुगवला.

“वरचा एकशे अडुसष्ट, खालचा एकशे चार,” त्यांनी डॉक्टरांना ओरडून सांगितलं. रांगेत बसलेल्या सगळ्यांना कळावं एवढ्या आवाजात. वैद्यकीय गुप्तता ही दारं असलेल्या दवाखान्यांची चैन आहे.

डॉक्टर तरुण आणि सभ्य होते. त्यांनी वरच्यांचा चेहरा निरखून पाहिला. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. “काका, वरचा आकडा दीडशेच्या पुढे असेल तर मी तुम्हाला क्रेनवर पाठवू शकत नाही. एक संधी देतो. तोवर भरली बादली दुसरा चालक उचलेल. दोन आठवड्यांनी या. तेव्हाही असाच निघाला तर केबिन बंद. स्टोअरमध्ये जागा आहे म्हणे.”

स्टोअर. एक खिडकी, खिडकीमागे हातमोजे आणि झाडू, आणि शेजारच्या खुर्चीवर स्टोअरकीपर, ज्याला जगातल्या प्रत्येक विषयावर मत होतं आणि ते मनात ठेवायची सवय नव्हती. वरच्यांना केबिन का हवी होती हे इथे सांगायला हवं. उंचीचं त्यांना आकर्षण नव्हतं. दृश्यही काही बघण्यासारखं नव्हतं; काळं शेड, काळी माणसं, मधूनच लाल उजेड. पण शिडी चढायचा सगळ्यांना कंटाळा. सुपरवायझर, युनियनवाले, वर्गणीवाले, विम्यावाले, सगळे शिडीपाशी येऊन परत जात. बावीस वर्षांत वर कोणी त्यांचं बोलणं मध्येच तोडलं नव्हतं, कारण वर ते बोलतच नव्हते. आठ तासांचं असं मौन बाहेर विकत घ्यायचं तर डोंगरावर आश्रम बांधावा लागतो. इथे त्याचा पगार मिळत होता.

आता या आकड्यांमागे कोण होतं, ते. आपल्या पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी मज्जातंतूंचं एक जाळं पसरलेलं असतं. पुस्तकात त्याला अनुकंपी चेतासंस्था म्हणतात. नाव ठेवणाऱ्याने तिच्याबरोबर एक दिवसही काढला नसावा. तिचं काम पहारेकऱ्याचं. धोका दिसला की ती हृदयाला पळायला लावते, मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या ग्रंथींना अ‍ॅड्रिनलीन सोडायला लावते आणि बारीक रोहिण्यांच्या भिंतींमधल्या स्नायूंना हुकूम देते, आवळा. रोहिण्या आवळल्या की तेच रक्त अरुंद वाटेने ढकलावं लागतं आणि दाब चढतो. कातडीचा आणि पोटाचा पुरवठा कापून रक्त मोठ्या स्नायूंकडे वळवलं जातं, म्हणजे माणसाला पळून जाता यावं किंवा मारामारी करता यावी. योजना उत्तम आहे. फक्त धोका कशाला म्हणायचं, हे या पहारेकऱ्याला नीट शिकवलेलं नाही. अंगावर धावून येणारं जनावर आणि दंडाला पट्टा बांधणारी सिस्टर, दोघांसाठी एकच घंटा. खुर्चीत बसून पळता येत नाही, आणि सिस्टरशी मारामारी करण्याइतका वेडा त्या कारखान्यात कोणी नव्हता.

डॉक्टरांनीही शेवटी हेच सुचवलं होतं. “काही लोकांचं आमच्यासमोरच चढतं. घरी मोजून बघा.” हे वाक्य वरच्यांनी घरी जसंच्या तसं सांगितलं. ही त्यांची चूक.

कारण घरी मास्तर होते. मास्तर म्हणजे वरच्यांचे सासरे, शाळेतले निवृत्त कवायत-शिक्षक. मुलीकडे राहायला येताना त्यांनी सामान फारसं आणलं नाही, पण शिट्टी आणली. सरावाने न सुटणारी अडचण जगात नाही, अशी त्यांची श्रद्धा होती. पोरांच्या तीन पिढ्यांना त्यांनी डावा-उजवा शिकवला होता. जावयाच्या रोहिण्या म्हणजे काय मोठंसं!

“जावईबापू, तुम्ही परीक्षेला घाबरता. पोरंही घाबरायची. मग मी काय करायचो? रोज परीक्षा! आठवड्यात भीती चेपायची.”

“मास्तर, मी घाबरत नाही.”

“सगळे हेच म्हणायचे. उद्यापासून सराव.”

दुसऱ्या दिवशी यंत्र आलं. बायकोने कोपऱ्यावरच्या औषधवाल्याचा जुना पांढरा कोट मागून आणला. बैठकीच्या खोलीतलं टेबल भिंतीला लावलं, समोर खुर्ची, बाहेर व्हरांड्यात वाट बघायला स्टूल. दवाखान्यात वाट बघावी लागते, तर सरावातही बघावी लागणार. मास्तरांच्या कवायतीत कसर नव्हती. संध्याकाळी कामावरून आलेले वरचे चहाऐवजी स्टुलावर बसत. आतून शिट्टी वाजली की आत जायचं.

“बसा,” पांढरा कोट घातलेली बायको म्हणे. “पाय टेकवा. अहो, हसू नका ना. सिस्टर हसतात का?”

“मी कुठे हसलो?”

“बोलायचं नाही!”

डॉक्टरांच्या भूमिकेत मास्तर स्वतः. ते कपाळाला आठ्या घालून आकडा वाचत आणि आकडा काहीही असो, “हं,” म्हणत. तो ‘हं’ त्यांनी इतका हुबेहूब बसवला होता की पहिल्याच दिवशी वरचे त्यांना चुकून ‘डॉक्टर’ म्हणाले.

पहिल्या संध्याकाळी वरचा आकडा एकशे बेचाळीस निघाला. मास्तर खूश. “बघा! घरी कमीच आहे. आता फक्त टिकवायचं.” दोन दिवसांनी एकशे एक्कावन्न. “सराव नवीन आहे,” मास्तर म्हणाले आणि सराव दिवसातून दोनदा केला. आठवडा संपताना एकशे त्रेसष्ट. मग सकाळचाही एक घातला.

शरीर शिकत होतं, यात शंका नाही. मास्तरांच्या हाताखाली शिकलं नाही असं कोण आहे? पूर्वी दवाखान्याच्या दारातच वाजणारी घंटा आता शिट्टीला वाजायला लागली. नंतर स्टुलाला. नंतर यंत्राच्या खोक्याला. शेवटी शेवटी तर बायको नुसता पांढरा टॉवेल घेऊन खोलीत आली तरी वरच्यांचे तळहात ओले होत. वीस-पंचवीस वर्षांच्या संसारात या बाईला पाहून त्यांच्या हृदयाने एवढी धावपळ कधी केली नव्हती. निदान अलीकडे तरी नव्हती.

“अहो, वाढतंय हो,” तपासणीच्या आदल्या दिवशी ती म्हणाली. कोट काढून तिने खुर्चीवर टाकला होता. “बाबा, आपण यांचं बिघडवून ठेवलं.”

मास्तर गप्प बसले. हे इतकं दुर्मीळ होतं की वरच्यांनी मान वर करून पाहिलं. मग मास्तर उठून आपल्या खोलीत गेले आणि गोळ्यांची पट्टी घेऊन आले.

“ही माझी. लघवीच्या त्रासाची. पहिल्यांदा घेतली तेव्हा मी न्हाणीघरात गरगरून बसलो होतो. डॉक्टर म्हणाले, या गोळीने प्रेशर उतरतं, जपून उठत जा. म्हणजे बघा, उतरतं!”

“बाबा, दुसऱ्याचं औषध—”

“दुसऱ्याचं कुठे? घरातलंच आहे. जावईबापू, सकाळी दोन घ्या. पहिली वेळ आहे तर कमी पडायला नको.”

वरच्यांनी स्टोअरची खिडकी डोळ्यांसमोर आणली आणि सकाळी दोन गोळ्या घेतल्या.

दवाखान्यात सगळं नेहमीसारखं होतं. बाक, रांग, सिस्टर. तळहात ओले होतेच, हृदय धडधडत होतं, पण पट्टा सैल झाला तेव्हा सिस्टरनी यंत्र हातात घेऊन हलवून पाहिलं.

“एकशे चौतीस. खाली ब्याऐंशी.” पुन्हा मोजलं. तेच.

“वा काका!” डॉक्टरांना मनापासून आनंद झाला. “म्हटलं नव्हतं? तुम्ही आम्हाला घाबरला होता. या, सही करून टाकू.”

वरचे उठले. बावीस वर्षांत इतक्या झटकन ते कधी उठले नसतील. त्यांनी एक पाऊल टाकलं, डॉक्टरांचं टेबल हळूच बाजूला सरकलं, आणि फरशी वर आली.

या प्रसंगात पहारेकऱ्याची दुसरी नोकरी उघडकीला येते. माणूस उभा राहिला की अर्धा-पाऊण लिटर रक्त पाय आणि पोटाकडे उतरतं. एरवी अनुकंपी जाळं क्षणार्धात तिथल्या वाहिन्या आवळतं आणि रक्त वर राखतं. दिवसातून पन्नास वेळा ते हे करतं आणि कोणी आभार मानत नाही. मास्तरांच्या गोळीचा गुण असा की ‘आवळा’चा निरोप जिथे पोचतो ती दारंच ती बंद करते. त्यामुळे मूत्राशयाच्या तोंडाशी असलेले स्नायू सैल पडतात आणि म्हाताऱ्या माणसाची सोय होते. पण रोहिण्यांनाही तीच दारं असतात. बसलेल्या वरच्यांचं प्रेशर सभ्य झालं. उभ्या वरच्यांना प्रेशरच उरलं नाही.

शुद्धीवर आले तेव्हा ते आडवे होते, पायांखाली दोन उशा होत्या आणि सिस्टर कानाशी बोलत होत्या.

“काय घेतलंत?”

“काही नाही.”

“माझ्याकडे बघून सांगा.”

त्यांनी सिस्टरकडे पाहिलं आणि सगळं सांगितलं. गोळ्या, मास्तर, शिट्टी, पांढरा कोटसुद्धा. कोटाच्या भागाला सिस्टर क्षणभर खिडकीकडे वळून उभ्या राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते.

डॉक्टर हसले नाहीत. “काका, हे इथे झालं म्हणून ठीक. शिडीवर झालं असतं तर? केबिनमध्ये, भरलेली बादली हुकाला असताना झालं असतं तर?”

वरच्यांनी डोळे मिटले. मग आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कोणाशी तरी वाद घातला, तोही उताणं पडून. “वर मला काही होत नाही. तुम्ही इथे मोजता, घरी हे लोक मोजतात. वर माझं प्रेशर नॉर्मल असतं. वर मी शांत असतो. कोणालाही विचारा.”

“मोजलंय कोणी?”

मोजलं कोणीच नव्हतं. शिडी चढायचा सगळ्यांना कंटाळा.

“गोळीचा अंमल पूर्ण उतरू दे,” डॉक्टर म्हणाले. “मग वरच मोजू. तिथे दीडशेच्या आत निघालं तर केबिन तुमची. माझा शब्द.” इथवर ठीक होतं. पुढच्या आठवड्यात शिडीपाशी आल्यावर डॉक्टरांनी एकदा वर पाहिलं, एकदा सिस्टरकडे पाहिलं आणि आपला गुडघा दुखत असल्याचं त्यांना आठवलं. सिस्टर पिशवी गळ्यात अडकवून चढल्या. वर पोचून त्यांनी एवढंच विचारलं, “हे रोज करता?”

भट्टीचं लोखंड त्या दिवशी दुपारनंतर निघणार होतं. वरच्यांना रिकामी बादली दिली होती, जी रिकामीही टनाच्या वर भरते, आणि जोडीला दुसरा चालक दारात उभा होता. वरच्यांनी हातमोजे चढवले, चष्मा पुसला, बादली उचलली. शेडच्या मध्यावर, शिट्टीवाल्याने हात आडवा धरला तशी थांबवली. ती एवढीशीही झुलली नाही.

“हं, बघा,” ते म्हणाले. चेहरा निवांत. डाव्या दंडाला पट्टा होता.

“बोलायचं नाही.”

सिस्टर खाली बघत होत्या. खाली शेडच्या मधोमध एक खांब आहे. त्या खांबावर लाल अक्षरांत लिहिलंय, ‘लटकत्या भाराखाली उभे राहू नये.’ आणि त्याच खांबाला पिण्याच्या पाण्याचा नळ बसवलाय. पाटी ज्याने लावली आणि नळ ज्याने बसवला त्या दोघांची गाठ कधी पडली नसावी. बादलीच्या बरोबर खाली पाच-सहा डोकी जमली होती. कोणी बाटली भरत होतं, कोणी तोंडावर पाणी मारत होतं, एकजण दुसऱ्याला काहीतरी सांगून हसवत होता.

“हे असे रोज येतात खाली?”

“जवळचा नळ तोच आहे,” वरचे म्हणाले.

“तुम्ही दात का आवळताय?”

“मी? नाही हो.”

“आणि पाय कशावर दाबताय? तिथे काही ब्रेक आहे का?”

वरच्यांनी खाली पाहिलं. त्यांचा उजवा पाय केबिनच्या पत्र्यावर असा रुतला होता की तिथे बुटाच्या टाचेएवढा खळगा पडला होता. ब्रेक तिथे नव्हता. बावीस वर्षांत कधीच नव्हता.

यंत्र वाजलं. सिस्टरनी आकडा वाचला आणि यावेळी ओरडून सांगितला नाही. फक्त यंत्र त्यांच्याकडे वळवलं. एकशे चौऱ्याहत्तर. खाली एकशे सहा. थोडं थांबून पुन्हा मोजलं, दोनने कमी. मग बादली मोकळ्या जागी टेकवायला सांगितली, पाच मिनिटं गेली, आणि तोच दंड, तोच पट्टा, तीच सिस्टर: एकशे बावन्न. सिस्टरनी त्यांचा एक हातमोजा काढून बोटं हातात धरली. त्या भट्टीवरच्या काचेच्या पेटीत बोटं बर्फासारखी होती.

“वारा येतो इथे,” वरचे म्हणाले.

“कुठून?” सिस्टर म्हणाल्या.

थोडक्यात, कारखान्यातला सगळ्यात शांत माणूस बावीस वर्षं रोज आठ तास युद्धावर जात होता आणि बातमी फक्त त्याच्या रोहिण्यांना होती. चेहऱ्याला कोणी कळवलं नव्हतं. पहारेकरी बिचारा ओरडून ओरडून थकला. त्याचं ओरडणं ऐकून घ्यायच्या ऐवजी मालकाने हातमोजे विणून घेतले. वर्षानुवर्षं असं आवळत राहिलं की रोहिण्यांच्या भिंती जाड होतात, मूत्रपिंडंही मीठ-पाणी धरून ठेवायला लागतात, आणि मग आवळा म्हणायला कोणी नसलं तरी दाब खाली यायचं नाव घेत नाही. एकशे बावन्न म्हणजे हेच होतं.

केबिन बंद झाली. तीन महिने स्टोअर, रोज एक गोळी, मीठ कमी, चालणं, आणि मग पुन्हा तपासणी.

स्टोअरबद्दल फार लिहिण्यात अर्थ नाही. स्टोअरकीपरने पहिल्या आठवड्यात प्रेशर या विषयावरची आपली सगळी मतं सांगितली. त्याच्या चुलतभावाचं दोनशे वीस होतं आणि तो रोज खारवलेलं खाऊन दणदणीत आहे, वगैरे. वरचे हातमोज्यांचे जोड लावत राहिले. घरी पांढरा कोट परत गेला. मास्तरांनी शिट्टी स्वतःहून कपाटात ठेवली आणि जावयाबरोबर संध्याकाळी फिरायला जाऊ लागले. फक्त मधूनमधून त्यांच्या तोंडून “डावा, उजवा” निघून जाई.

एकदा कपड्यांच्या घड्या घालता घालता बायकोने विचारलं, “वर भीती वाटायची का हो?”

“नाही.”

“मग ते एकशे चौऱ्याहत्तर कसलं?”

वरच्यांनी विचार केला. प्रश्न विचारल्यावर विचार करायची त्यांना सवय होती, उत्तर द्यायची नव्हती. “खाली माणसं असतात ना,” ते म्हणाले.

तिच्या हातातली घडी तशीच राहिली. “म्हणजे रोज?”

“नळ आहे तिथे.”

“आणि हे तुम्ही कधी कोणाला बोलला नाहीत?”

“कोणाला बोलणार? वर कोणी नसतं.”

“खाली तर असतात! आत्ता तुम्हीच म्हणालात!” ती इतक्या जोरात म्हणाली की शेजारच्या खोलीतून मास्तरांनी “काय झालं?” विचारलं. “काही नाही बाबा,” तिने सांगितलं. “जावई तुमचा बावीस वर्षं गप्प बसला होता, तेवढंच.”

तीन महिन्यांनी दवाखान्यात एकशे एकतीस निघाले. मग उभं करून मोजलं, एकशे सव्वीस. फरशी जागच्या जागी राहिली. डॉक्टरांनी सही केली. “वर गेलात की थोडं चढणार काका, सगळ्यांचंच चढतं. पण आता चढेल ते खालच्या पायरीपासून. गोळी रोज घ्यायची. तुमची. मास्तरांची नाही. आणि एक सांगा, चढण्याचं जे कारण आहे ते कमी करता येण्यासारखं आहे का?”

वरच्यांनी चष्मा पुसला. डॉक्टरांना वाटलं, त्यांना प्रश्न कळला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते शिडी चढले. केबिनमध्ये त्यांच्या जागी बसलेल्या चालकाने खुर्ची पुढे सरकवून ठेवली होती. ती मागे घ्यायलाच दोन मिनिटं गेली. भट्टी उघडली, बादली भरली, शिट्टीवाल्याने अंगठा वर केला. वरच्यांनी दांडा ओढला. लाल उजेड छपरापर्यंत आला. बादली निघाली आणि नळाच्या वीस हात अलीकडे येऊन उभी राहिली.

शिट्टीवाला पुढे-पुढे हात करत होता. बादली हलेना. क्रेनचा भोंगा वाजला. नळावरच्या चौघांनी वर पाहिलं, हात हलवून “चला, चला” केलं, आणि पाणी प्यायला लागले. भोंगा पुन्हा वाजला. लांब.

सुपरवायझर धावत आला. “वरचे! काय झालं? क्रेन बंद पडली का?”

केबिनची सरकती काच बावीस वर्षं बंद होती. ती उघडताना इतकी करकरली की खालच्या निम्म्या लोकांनी काम थांबवलं.

“माणसं आहेत खाली,” वरचे म्हणाले.

“माणसं रोजच असतात!”

“हो ना.”

“अहो, लोखंड निवतंय! साचे वाया जातील!”

“मग यांना सांगा, पाणी लवकर प्या.”

“तीन महिने खाली बसून डोकं फिरलं का तुमचं? साहेबांना सांगेन! पुन्हा स्टोअरमध्ये बसवीन!”

वरच्यांना हे नीट ऐकू आलं. तळहात ओले झाले, दंडाला पट्टा असता तर आकडा काय निघाला असता देव जाणे. त्यांनी भोंग्यावर हात ठेवला आणि तो उचललाच नाही.

खाली सुपरवायझर लाल झाला होता. त्याच्या मानेवरची शीर वरूनही दिसत होती, पण नियम क्रेनचालकांसाठी आहे, सुपरवायझरसाठी नाही. शेवटी तोच नळाकडे वळून ओरडला. तिघे बाजूला झाले. चौथा बाटली भरत होता. त्याने वर पाहिलं, बाटली काठोकाठ होऊ दिली, झाकण लावलं, झाकण घट्ट आहे का बघितलं, नळ बंद केला, आणि खांबाच्या पलीकडे जाऊन उभा राहिला.

भोंगा थांबला. शेडमध्ये अचानक इतकी शांतता झाली की नळ नीट बंद झालेला नाही हेही ऐकू आलं. वरच्यांनी दांडा पुढे केला. बादली ओल्या फरशीवरून सावकाश पुढे गेली.